धाड

परवा लातूरला बहिणीकडे गेलो होतो. रविवारची दुपार, जेवणं झालेली, मी नुकताच आडवा झालो होतो. तेवढ्यात आतल्या खोलीतून भाचा ओरडला, "मामा, येऊलालेत, येऊलालेत!"

मी दचकून उठलो. खरं सांगतो, छातीत धस्स झालं. हेच शब्द, ह्याच सुरात, मी लहानपणी कितीतरी वेळा ऐकले होते, पण वेगळ्या तोंडून. ते पुढे सांगतो. आत जाऊन बघतो तर साहेब लॅपटॉपसमोर. अकरावीत आहे, म्हणजे लातूरच्या हिशेबाने माणूस नव्हे, क्लासला जाणारं यंत्र. रविवारचे दोन तास त्याला खेळायला मिळतात, त्यात तो 'रिमवर्ल्ड' खेळतो. कुठल्यातरी परक्या ग्रहावर तीन-चार माणसं येऊन पडतात. ती झोपड्या बांधतात, शेत करतात, स्वयंपाकघर, दवाखाना, कोठार असं हळूहळू उभं राहतं. आणि मग एके दिवशी पडद्यावर सूचना झळकते : धाड येतेय. नकाशाच्या कडेला पाच-दहा हत्यारबंद माणसं उगवतात आणि वस्तीच्या दिशेने चालू लागतात.

भाच्याने मला भिंती दाखवल्या, वाळूच्या पोत्यांच्या आडोशाने उभे केलेले नेमबाज दाखवले. मग एक गंमत सांगितली, ती माझ्या डोक्यातून अजून जात नाही. म्हणाला, "मामा, आपण जितके श्रीमंत, तितकी मोठी धाड येते. म्हणून उगाच चांदी साठवायची नाही, फरशी भारी टाकायची नाही." आणि ते खरं आहे. वस्तीत एकूण किती किमतीचा माल आहे, माणसं किती आहेत, ह्याचा हिशेब तो खेळ करत असतो आणि त्यावरून दरोडेखोर किती पाठवायचे ते ठरवतो. खेळणारी पोरं मुद्दाम गरीब राहायला शिकतात.

हे ऐकून मला आजी आठवली नाही तरच नवल.

आमचं मूळ गाव औसा तालुक्यातलं. गावात गढी आहे. 'आहे' म्हणायचं इतकंच. पांढऱ्या मातीचे दोन बुरूज उभे आहेत, बाकीची माती लोकांनी माळवदावर टाकायला नेली. लहानपणी आम्ही त्यावर घसरगुंडी खेळायचो. भिंत तीन पुरुष उंच आणि खाली इतकी रुंद की वर बैलगाडी चालेल असं म्हणायचे (गाडी कधी कुणी चालवली नाही, पण असं म्हणायचे). मराठवाड्यात असं गाव विरळा की जिथे गढीचा निदान उंचवटा तरी नाही. पुण्याकडची माणसं किल्ले बघायला डोंगर चढतात. आमच्याकडे डोंगर नाहीत, सपाट काळं रान आहे, त्यामुळे प्रत्येक गावाने आपापला छोटा डोंगर मातीचा करून घेतला.

आजीचं लग्न झालं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. १९४७ साल. त्यानंतरचं वर्ष-सव्वा वर्ष तिने ज्या भीतीत काढलं, ती तिच्या बोलण्यात शेवटपर्यंत होती. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा मुळात लातूरलाच वकिली करणारा, त्यामुळे आमच्या भागात ही गोष्ट लांबची नव्हती. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात तर १९४६ सालीच बिलोलीजवळ अर्जापूरला गोविंदराव पानसरे यांचा खून झाला होता. आजी सांगायची, संध्याकाळ झाली की बाया-पोरं गढीत. पुरुष बुरुजावर, गोफणी आणि दगडांचे ढीग घेऊन. रात्री कधीतरी लांबून हाळी यायची : "येऊलालेऽऽत!" बहुतेक वेळा कोणी यायचं नाही. दोनदा आले. त्या दोनदांबद्दल ती फारसं सांगायची नाही. हाळीबद्दल मात्र सांगताना ती हाळी देऊनच दाखवायची, आणि आम्ही पोरं मजा म्हणून तिला पुन्हा पुन्हा द्यायला लावायचो.

आणि गरीब दिसणं. दागिने मडक्यात घालून चुलीखाली पुरलेले. बाहेरची भिंत कधी रंगवायची नाही. ज्वारी पेवात. आताच्या पोरांना पेव म्हणजे 'क्लासेसचं पेव फुटलं' एवढंच माहीत. पेव म्हणजे जमिनीतला धान्याचा खड्डा. तोंड एक माणूस उतरेल एवढं, आत पोट मोठं. कडेने कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंड बंद करून वर माती. वरून चालत गेलं तरी कळत नाही. उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा माणूस मारते. धान्य चोरापासून वाचवायचं, सरकारी लेव्हीपासूनही वाचवायचं, दोन्हीला हाच खड्डा. आमच्या गावाने ही अक्कल शे-दोनशे वर्षांच्या अनुभवातून मिळवली होती. आधी पेंढारी. दसरा झाला, नद्यांचं पाणी उतरलं की ते घोड्यांवरून नर्मदा ओलांडून यायचे आणि निजामाचा मुलूख धुऊन न्यायचे. १८१७-१८ मध्ये इंग्रजांनी त्यांचा बंदोबस्त केला, पण भाषेत ते राहिलेच. अजूनही कुणी उगाच कण्हत बसला की "तुला काय धाड भरलीय?" असंच विचारतो ना आपण.

तर सांगायचा मुद्दा असा, की हे खेळ तयार करणारी माणसं कॅनडात की कुठे बसलेली असली तरी वस्ती आणि धाड ह्यांचं नातं त्यांनी बरोबर पकडलंय. नुसतं गाव वसवण्याचा खेळ थोड्या वेळाने कंटाळवाणा होतो. धाड आली की आपल्याला आपलं कोठार दिसतं. भिंत कुठे कच्ची आहे ते कळतं. कोण महत्त्वाचं आहे ते कळतं. ज्या माणसाला भाचा दोन तास "हा नुसता खातो" म्हणून शिव्या देत होता, त्याला गोळी लागल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

माझी तक्रार वेगळी आहे. ती माझी स्वतःची गोष्ट सांगितल्याशिवाय कळणार नाही.

२००७ च्या सुमारास मी नांदेडला इंजिनिअरिंगला होतो आणि अभ्यास सोडून बाकी सगळं करत होतो. 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग (१९९९ चा, पण आमच्याकडे सगळं सावकाश पोचतं) पाठ झाला होता. त्यात घंटा वाजवली की शेतातले गावकरी धावत येऊन टाउन सेंटरात शिरतात आणि आतून बाणांचा वर्षाव होतो. आजीची गढी ती हीच, असं मला तेव्हाच वाटलं होतं. मग कुणीतरी 'ट्रॅव्हियन'चा नाद लावला. जर्मन खेळ, २००४ सालचा, ब्राउझरमध्ये चालणारा. चित्रं जेमतेम. पण तो चोवीस तास चालू असायचा आणि समोर खरी माणसं असायची. लाकूड, माती, लोखंड, धान्य साठवायचं. शेजारी येऊन लुटून नेणार, म्हणून जमिनीखाली लपवायची जागा बांधायची. म्हणजे पेवच! मी गॉल घेतला होता कारण गॉलांची पेवं मोठी. आणि धाड टाकायची असेल तर साधा हल्ला आणि लूट असे दोन वेगळे पर्याय. लूट निवडली की फौज शेवटपर्यंत लढत बसत नाही, पाठीवर मावेल तेवढं उचलते आणि परत फिरते.

नेट कॅफे तासाला वीस रुपये. रात्री दहाला शटर खाली. त्यातून दिवसाचं भारनियमन. त्यामुळे माझं गाव रात्रभर उघडं. सकाळी जावं तर रात्रीत तीन धाडी. लुटणारा एकच, माझ्यापासून चार चौकटींवरचा एक ट्यूटन, ज्यांची स्वस्तातली दंडुकेवाली फौज प्रसिद्ध होती. आठवडाभर सोसल्यावर मी त्याला निरोप धाडला, भाऊ, मराठी आहेस का? उत्तर आलं : "हो. उदगीर. राग मानू नको, तू जवळ पडतोस." मग त्यानेच मला पेवं किती पाहिजेत त्याचा हिशेब शिकवला, आणि महिन्याभरात मी त्याच्या टोळीत होतो.

मग मीही लुटायला लागलो. एक गाव होतं, मालक बहुतेक खेळ सोडून गेलेला. अशा गावाला खेळाडूंच्या भाषेत 'फार्म' म्हणतात, म्हणजे शेत. रोज पेरल्याशिवाय कापायचं. पूर्ण उद्ध्वस्त करायचं नाही, कारण उद्या पुन्हा काय न्यायचं? तीन आठवडे मी रोज तिथून माल आणला. एके दिवशी त्या मालकाचा निरोप आला. परीक्षा चालू होती म्हणून येता आलं नाही, आता परत खेळतोय, कृपया सोडा. तेव्हा माझी फौज वाटेत होती. ट्रॅव्हियनमध्ये फौज निघाल्यावर दीड मिनिटाच्या आत परत बोलावली तर बोलावली, नंतर नाही. त्या दिवशी माझा इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी होता. मी पाठवलीच. खेळच तो, असं म्हणालो. पण गंमत अशी की आज वीस वर्षांनी त्या खेळातलं माझं गाव मला आठवत नाही, आणि त्या पोराचा निरोप आठवतो.

रिमवर्ल्डबद्दलची माझी तक्रार हीच. तिथे दरोडेखोर नकाशाच्या कडेला उगवतात. जाताना सामान उचलून नेतात, प्रसंगी घायाळ माणूसही खांद्यावर टाकून नेतात. आणि कडेपाशी पोचले की नाहीसे. लुटलेलं धान्य कुणाच्या घरी शिजलं ते पडद्यावर कधी येत नाही. म्हणजे भाचा चाळीस तास खेळून धाडीची अर्धीच गोष्ट शिकतो, भिंतीच्या आतली. अर्थात त्याला दोष कशाला देऊ? आम्हीही इतिहास तसाच शिकलो.

मराठ्यांची मुलूखगिरी दसऱ्यानंतर निघायची, हे शाळेत छाती फुगवून शिकलो. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, दिला तर मुलूख सुरक्षित, नाही दिला तर... त्या 'नाही दिला तर'पाशी धडा संपायचा. ट्रॅव्हियनच्या भाषेत सांगायचं तर शेत. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांची फौज बंगालवर वर्षानुवर्षं जात राहिली, आणि तिथल्या आया अजून लेकरांना झोपवताना जे अंगाईगीत म्हणतात त्यात 'बर्गी' येतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर. एका बंगाली सहकाऱ्याने मला हे हसत हसत सांगितलं आणि मी आजीची हाळी आठवून गप्प बसलो. आपण तर दरवर्षी आपट्याची पानं आणून सोनं लुटतो, आणि लुटलेलं एकमेकांना वाटतो. नांदेडला दसऱ्याला गुरुद्वाऱ्याची हल्लाबोलची मिरवणूक निघते, नंग्या तलवारी घेऊन माणसं धावत सुटतात. अंगावर काटा येतो बघताना. धाड घालणाऱ्याच्या बाजूने बघितली तर ती भारीच असते, ह्यात वाद नाही. आमच्या मुक्तिलढ्यातलीच गोष्ट घ्या. ३० जानेवारी १९४८, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी लुटली. पैशाचा हिशेब चोख ठेवला होता, असं जुनी माणसं अजून अभिमानाने सांगतात. मलाही अभिमान वाटतो. लपवत नाही.

आता हंड्याबद्दल.

आमच्या घरात एक तांब्याचा हंडा आहे. मोठा, तीन घागरी पाणी मावेल असा. त्याच्या गळ्याखाली ठोक्या-ठोक्यांनी काही अक्षरं कोरली आहेत, आपण भांड्यावर नाव घालतो तशी. पण अक्षरं उर्दू. लहानपणी विचारलं तर "निजामाच्या काळातला आहे, कारागिराची खूण असंल" असं उत्तर मिळायचं. मला ते पटायचं. निजामाच्या राज्यात शाळा उर्दू, कचेरी उर्दू. आजोबा स्वतः उर्दूत शिकलेले, सातबाऱ्याआधीचे सगळे कागद ते घडाघडा वाचायचे. म्हणजे तो हंडा रोज डोळ्यांसमोर असताना त्यावर काय लिहिलंय हे त्यांना माहीत होतं. हे माझ्या डोक्यात फार उशिरा आलं. तोवर आजोबा गेले होते.

नांदेडला असताना त्या अक्षरांवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि तो कागद एका मित्राकडे नेला. त्याने वाचलं. एका बाईचं नाव, खाली साल. एवढंच. "कुणाचा हंडा आहे?" त्याने विचारलं. मी म्हणालो, आमचाच.

सुट्टीत आजीला विचारलं. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या दसऱ्याला आला घरात."

'तो दसरा' म्हणजे १९४८ चा. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. तोच आपला मुक्तिसंग्राम दिन. दसरा पुढच्या महिन्यात आला. मधल्या दिवसांत काय झालं त्याची पाहणी करायला केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार वगैरे मंडळी वर्षअखेरीला फिरली. त्यांचा अहवाल सरकारने तेव्हा प्रसिद्ध केलाच नाही. २०१३ च्या सुमारास तो लोकांना वाचायला मिळाला. त्यात संस्थानभर निदान २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज आहे, बहुतांश मुसलमान, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि नांदेड आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. लातूर शहराबद्दल त्यात लिहिलंय की कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या ह्या पेठेत वीसहून जास्त दिवस कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरलेले दिसले, हजारावर मारले गेले, बाकीचे जीव घेऊन पळाले. जिवावर उदार होऊन शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंच्या हकिगतीही त्याच अहवालात आहेत. आमच्या गावात ह्यापैकी काय काय झालं ते मला सांगणारं आता कोणी नाही.

हंडा विकत घेतलेला असेल. सांभाळायला दिलेला असेल आणि न्यायला कोणी आलं नसेल. किंवा मग तिसरं. आजीने सांगितलं नाही, आणि मीही दुसरा प्रश्न विचारला नाही. २०११ मध्ये ती गेली.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे तुला रझाकारांना माफी द्यायची आहे का? नाही हो. आजीची हाळी खरी होती. गढीत काढलेल्या रात्री खऱ्या होत्या, आणि ज्यांनी त्या काढायला लावल्या त्यांच्याबद्दल माझ्या मनात तिच्याइतकाच राग आहे. पण ज्या बाईचं नाव हंड्यावर आहे तिनेही कुठल्यातरी रात्री "येऊलालेत" ऐकलं असणार. बहुधा ह्याच बोलीत, कारण आमच्याकडचे मुसलमान शेजारी मराठी आमच्यासारखीच बोलतात. तिच्या घराला गढी नव्हती. आणि येणारे नकाशाच्या कडेला उगवलेले नव्हते, तिला त्यांची नावं माहीत असणार. सप्टेंबर आला की लातूर-नांदेडला झेंडावंदन होतं, भाषणं होतात, ती मी मनापासून ऐकतो. त्यात १७ तारखेनंतरच्या तीन आठवड्यांवर एखादं वाक्य यावं असं मला फार दिवस वाटतंय. अजून माझ्या कानावर आलेलं नाही.

असो. भाच्याची धाड त्या दिवशी परतवली गेली. "बघा मामा, एकपण माणूस गेला नाही," म्हणाला. मी विचारलं, आणि ते जे पळून गेले, ते आता कुठे गेले? तो माझ्याकडे बघत राहिला. "कुठं जाणार? गेम आहे ती."

तो हंडा सध्या बहिणीकडेच आहे. नवीन घरात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं (लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, हे विसरला असाल तर आठवण करून देतो), त्यामुळे जुनी मोठी भांडी तिने टाकलेली नाहीत. संध्याकाळी चहा पिताना मी तिला हळूच म्हणालो, ह्याला हंड्याचं सांगावं का? ती म्हणाली, "बारावी होऊ दे की त्याची. कशाला आत्ता?" मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "तुला त्या बाईचं नाव आठवतंय का रे अजून?"

मी सांगितलं. तिने एकदा उच्चारून बघितलं आणि कप उचलून आत गेली.